न पडलेल्या पावसाची धूळ

बसा.

जिथे असाल तिथेच बसा. भाईंदरला, मीरा रोडला, उत्तनला, नाहीतर आणखी कुठे. गॅलरी असेल तर गॅलरीत, नसेल तर खिडकीपाशी. मोबाइल आतल्या खोलीत राहू द्या.

थंडीचे दिवस आहेत असं धरू. पाऊस जाऊन दोन-अडीच महिने झालेत. सकाळ आहे. खाडीच्या पुलावरून लोकल जाते. तिचा आवाज येतो, लांबतो, विरतो.

समोर ग्रिल आहे. त्यातला एक आडवा गज निवडा. एकच.

त्याच्याकडे बघा.

गजाची खालची बाजू अजून रंगाची आहे. वरची बाजू राखी. दोहोंच्या मधे एक रेघ आहे, अगदी सरळ. ती कुणी मारलेली नाही.

बोट फिरवू नका अजून. आधी नुसतं बघा.

श्वास घ्या. सोडा.

समुद्राजवळ धूळ जरा निराळी बसते. घाटावरच्या गावात फुंकर मारली की उडते. इथली उडत नाही. खारी, दमट हवा तिला धरून ठेवते. पहाटेच्या दवात ती भिजते, दुपारी वाळते, रात्री पुन्हा भिजते. तिचा पातळ पापुद्रा होतो.

आता बोट टेकवा. ओढू नका, नुसतं टेकवा. आणि उचला.

बोटाच्या रेषांमध्ये काळसर काहीतरी भरलंय. समोर उठणाऱ्या टॉवरचं सिमेंट त्यात असेल. रिक्षाच्या टायरखालची माती असेल. कुठल्या तरी धुराची काजळी. मिठाचा एखादा कण, खाडीचा किंवा मिठागराचा. ओळखायला जाऊ नका. ओळखू येत नाही, आणि आत्ता त्याची गरजही नाही.

एवढंच लक्षात असू द्या की ही कुठून तरी आली आहे.

सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो. शाळेत त्याला मतलई वारा म्हणायचे. दुपारी तो उलटतो आणि खारा वारा येतो. हवा रोज जाते, रोज येते. तुमचा श्वासही तसाच. जातो. येतो.

थोडा वेळ त्या येण्याजाण्याबरोबर राहा.

कधी कधी धूळ फार लांबून येते. २३ जानेवारी २०२२, रविवार. पाकिस्तानच्या किनाऱ्याकडच्या कोरड्या मुलुखात वादळ उठलं आणि त्याची धूळ अरबी समुद्र ओलांडून मुंबईवर आली. भर दिवसा आकाश दुधट झालं. लांबच्या इमारती दिसेनाशा झाल्या. खाली उभ्या गाड्यांवर पांढुरकी पूड बसली.

दुसऱ्या दिवशी गाड्या धुतल्या गेल्या. गॅलऱ्या पुसल्या गेल्या. त्या रविवारची नोंद फडक्याबरोबर बादलीत गेली.

पुसायलाच हवी होती. धूळ पुसू नका असं सांगणारं हे मनन नाही.

पण एक जागा मनात आणा, जिथे कुणी पुसत नाही.

डोळे मिटा.

इथून ईशान्येला चला. खाडी, सह्याद्री, मग नर्मदा, मग गंगेचं सपाट खोरं. सोळाशे किलोमीटरांच्या आसपास. तिथे हिमालय आहे. नेपाळची सीमा ओलांडली की तिबेटात शिशापांगमा नावाचं शिखर आहे. त्याच्याजवळ एक हिमनदी आहे. तिचं नाव दासुओपू.

उंची ७,२०० मीटर. हवा इथल्या निम्म्याहूनही विरळ.

तिथे उभं राहू नका, दम लागेल. नुसतं बघा.

पांढरं. सगळीकडे पांढरं.

पावसाळ्यात आपल्याकडे मोसमी पाऊस पडतो. तेच ढग तिथवर पोचतात आणि बर्फ होऊन पडतात. पावसाने धुतलेल्या हवेतला तो बर्फ असतो. स्वच्छ.

मग पाऊस जातो. हिवाळा येतो, वसंत येतो. पश्चिमेकडून कोरडे वारे वाहतात. त्यांच्याबरोबर धूळ येते. थोडीच, पण येते आणि बर्फावर बसते.

मग पुन्हा पावसाळा. धुळीवर पांढरा बर्फ.

पुन्हा धूळ.

पुन्हा बर्फ.

हे मनात हळूहळू होऊ द्या. घाई नाही. तिथे कुणाला घाई नाही. एक थर, त्यावर एक थर. खालचा वरच्याच्या वजनाने दबतो. फुलका बर्फ घट्ट होतो. घट्ट बर्फ काचेसारखा होतो. धूळ आत राहते, ज्या वर्षी बसली त्या वर्षात.

श्वास घ्या.

एक वर्ष.

सोडा.

आणखी एक.

१९९७ साली तिथे माणसं चढून गेली. अमेरिकेतल्या ओहायो राज्य विद्यापीठाचे लॉनी थॉम्पसन आणि त्यांचे चिनी सहकारी. त्यांनी बर्फात पोकळ नळीसारखं गिरमिट घातलं आणि खालच्या खडकापर्यंत पोचले. दीडशे मीटरांहून खोल. बर्फाचा गोल दांडा तुकड्यातुकड्यांनी वर आला. असे तीन दांडे त्यांनी काढले. इतक्या उंचीवर तोवर कुणी बर्फ असा काढला नव्हता.

त्यातला एक तुकडा मनात हातावर घ्या. हातमोजे घालून. हाताच्या उबेनेही तो बिघडतो.

उजेडाकडे धरा.

पांढऱ्या लुगड्याला राखी काठ असावा, तसा एक पट्टा त्यात दिसतो. काठ अंगठ्याच्या नखाएवढाही रुंद नाही. वर पांढरं, खाली पांढरं, मधे तो.

तो बघा.

काही म्हणू नका त्याला. फक्त बघा.

हा एक कोरडा ऋतू आहे.

असाच बर्फ बघणारी एक जागा आपल्या जवळ आहे, गोव्यात. वास्कोला, हेडलँड सड्यावर, राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आहे. बाहेर घाम, माड, मुरगाव बंदराचे भोंगे. आत उणे वीस अंशांची खोली. भर मे महिन्यात माणसं जाड कोट, लोकरी टोप्या घालून आत जातात. अंटार्क्टिकातून आणलेला बर्फ तिथे करवतीने कापतात. बाहेरची बाजू तासून टाकतात, कारण तिला गिरमिटाचा आणि हातांचा स्पर्श झालेला असतो. आतला गाभा तेवढा घेतात. तो वितळवतात. पाण्यात किती कण आहेत, किती मोठे आहेत, ते यंत्र मोजतं.

थेंबात किती धूळ? त्या वर्षी जास्त, या वर्षी कमी. प्रश्न एवढाच. मला त्याचा साधेपणा आवडतो.

दासुओपूचा बर्फही असाच मोजला. कण मोजले, मिठातला क्लोराइडही मोजला. थर मोजत मोजत माणसं खाली गेली. विसावं शतक. एकोणिसावं. अठरावं.

आणि तिथे थांबली.

आपणही थांबू.

१७९० ते १७९६.

त्या वर्षांच्या बर्फात धूळ आणि क्लोराइड एकदम वर चढलेले आहेत. २००० साली थॉम्पसन आणि सहकाऱ्यांनी हे छापलं तेव्हा लिहिलं की गेल्या हजार वर्षांत या बर्फात दुष्काळ पुष्कळ दिसतात, पण यापेक्षा मोठा दिसत नाही.

हजार वर्षांत.

श्वास घ्या. लगेच पुढे जाऊ नका.

त्या काळी पुण्यात सवाई माधवराव पेशवे होते, कारभार नाना फडणवीसांच्या हातात. वसई मराठ्यांची होती. खाडीचा हा काठ मात्र इंग्रजांकडे गेला होता. आणि वर घाटापलीकडे, दख्खनमध्ये, पाऊस येत नव्हता. १७९१-९२ च्या दुष्काळाला लोकांनी कवटीचा दुष्काळ म्हटलं. मेलेल्यांना जाळायला, पुरायला मागे माणसं उरली नाहीत. हाडं उघड्यावर पडून राहिली.

हे वाचून काही करायचं नाही. खंत नको, निष्कर्ष नको. नुसतं त्या वर्षांपाशी बसायचं.

एक शेत मनात आणा. ज्येष्ठ सरला. आषाढ सरला. ढेकळं फुटून भुगा झाली आहेत. वारा आला.

बघा, काय उठतं.

धूळ.

गवत नाही म्हणून मातीला धरणारं कुणी नाही. सर नाही म्हणून हवा धुणारं कुणी नाही. धूळ वर जाते आणि वरच राहते, वाऱ्याबरोबर पांगते. तिकडे उंचावर बर्फही कमी पडतो, म्हणून जी काही धूळ पोचते ती थोड्या बर्फात दाट बसते. तिन्ही गोष्टी एकाच बाजूला झुकतात. पट्टा गडद होतो.

पडलेला पाऊस कुठे ना कुठे सापडतो. नदीत, विहिरीत, पिकात, कुणाच्या तरी वहीत. न पडलेला पाऊस कुठे शोधायचा? त्याला ना ओल, ना आवाज.

तो इथे आहे. या राखी काठात.

त्याच्याबरोबर थोडं राहा.

त्या बर्फात कुणाचं नाव नाही. गाव नाही, पेशवे नाहीत. कुठला कण कुठल्या शेतातला, हे कुणी सांगू शकत नाही. म्हणून उगाच नाती जोडू नका, ही आमच्याकडचीच माती असं म्हणू नका. बर्फ इतकंच म्हणतो की या मुलुखात त्या वर्षांत पाऊस रुसला होता.

थोडं वर या. शंभर वर्षंही नाहीत. १८७६-७७.

पुन्हा धुळीचा थर.

या वर्षांचे मात्र आपल्याकडे कागद आहेत. पुण्याच्या सार्वजनिक सभेची माणसं गावोगाव जाऊन माहिती गोळा करत होती. आणि सावित्रीबाई फुल्यांचं एक पत्र आहे, २० एप्रिल १८७७ चं, जुन्नरजवळच्या ओतूरहून जोतीरावांना लिहिलेलं. दुष्काळाचं. त्या तिथे उभ्या होत्या, डोळ्यांनी बघत होत्या, आणि लिहीत होत्या.

मनात दोन गोष्टी शेजारी ठेवा.

ओतूरचं पत्र.

दासुओपूचा बर्फ.

एकीत माणसं दिसतात. दुसरीत माणूस नाही, पण खोटं बोलायची सोयही नाही. मला दोन्ही लागतात. नुसता बर्फ वाचला तर दुष्काळ आलेखातलं एक टोक होतो.

डोळे उघडा आता. पाय आखडले असतील तर लांब करा.

वाटलं तर उठून उत्तनला जा. मनानेही चालेल. चौक गावाच्या बाजूला, जिथे बांबूंच्या वलांडीवर बोंबील वाळत असतात, तिथून पश्चिमेला समुद्र दिसतो.

समुद्राकडे बघा.

लाट येते. जाते.

आता बर्फात दासुओपूहूनही खोल उतरू. अंटार्क्टिकाच्या आतल्या भागात डोम सी नावाची जागा आहे. युरोपातल्या देशांनी मिळून तिथे भोक पाडलं. डिसेंबर २००४ मध्ये ते ३,२७० मीटरांपर्यंत पोचलं. तिथला बर्फ आठ लाख वर्षांचा. त्यात आठ हिमयुगं आली आणि गेली.

प्रत्येक हिमयुगात धूळ वाढते. पार पंचवीस पटींपर्यंत. मग जग ऊबदार होतं, धूळ जवळजवळ नाहीशी होते. मग पुन्हा.

आठ लाख वर्षं. आत, बाहेर.

लाटेकडे बघत राहा.

तिकडची धूळ बहुतेक दक्षिण अमेरिकेतल्या पॅटागोनियाची. तिच्यातल्या मूलद्रव्यांचा माग काढून ते कळलं. हिमयुगात तिथे कोरडं होतं. वारे जोरात होते. पाणी बर्फात अडकून पडल्यामुळे समुद्र खाली गेला होता आणि त्याचा तळ ठिकठिकाणी उघडा पडला होता.

समुद्र खाली म्हणजे किती? सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, आजच्यापेक्षा १२० मीटर.

इथे, उत्तनच्या काठावर उभं राहून त्याचा अर्थ बघा.

मुंबईपासून १६० किलोमीटर आत बॉम्बे हाय आहे, तेल काढतात ते. तिथे पाणी शंभर मीटरही खोल नाही. म्हणजे त्या काळी तिथेही पाणी नव्हतं. जमीन होती.

समोर जे निळं-करडं दिसतंय, क्षितिजापर्यंत आणि त्याच्याही पलीकडे, तिथे जमीन होती. लाटेचा आवाज इथून ऐकू येत नव्हता. खाडी नव्हती, खारफुटी नव्हती. वारा असेल. गवत असेल. धूळ असेल.

हे समजून घेऊ नका. ऐका.

लाटेचा आवाज मनातल्या मनात काढून टाका.

तेवढ्या शांततेत थोडं उभे राहा.

मग आवाज परत येऊ द्या.

आता पुन्हा श्वासाकडे.

अंटार्क्टिकापर्यंत कुठली धूळ पोचते? जाड कण वाटेत गळतात. वाळू तर लवकरच खाली बसते. तिथवर जातात ते साधारण दोन मायक्रोमीटरचे कण. केसाच्या जाडीचा तिसावा-पस्तिसावा भाग धरा.

नाकातून हवा आत घ्या. सावकाश.

जाड कण नाकात अडकले. थोडे घशात. सोडा.

पुन्हा घ्या. दोन मायक्रोमीटरचे कण तिथे सहसा अडकत नाहीत. ते छातीच्या तळापर्यंत जाऊ शकतात. हवेच्या बातम्यांत रोज पीएम २.५ चा आकडा येतो, तो याच मापाच्या आतल्या कणांचा. जो कण समुद्र ओलांडून बर्फाच्या खंडावर उतरू शकतो, त्याच मापाचा कण आपल्यालाही सहसा अडवता येत नाही.

घाबरू नका. दमा असेल तर मात्र हे मनन धुळकट सकाळी बाहेर बसून करू नका, आत बसा. हे आधीच सांगायला हवं होतं.

श्वास नेहमीसारखा होऊ द्या.

आणि शेवटचं. दासुओपूला परत, पण खोल नाही. अगदी वर, पृष्ठभागाजवळ. विसावं शतक.

तिथला बर्फ उजेडाकडे धरा.

क्लोराइड दुप्पट. धूळ चौपट.

या वाढीचं कारण शोधताना थॉम्पसनांनी बोट ठेवलं ते भारत आणि नेपाळमधल्या माणसांच्या वाढत्या उद्योगांवर. वारा जिथून त्या बर्फाकडे जातो तो हा मुलूख. नांगर, रस्ते, भट्ट्या, गावांची शहरं झाली ती.

तर खालचा काठ पावसाचा होता. वरचा काठ आपला. दोन्ही राखीच. नुसत्या डोळ्यांनी बघितले तर वेगळे काढता येत नाहीत.

त्यांच्याकडे एकदा शेजारी शेजारी बघा.

मनात प्रश्न येईल. येऊ द्या. उत्तर द्यायला धावू नका.

बर्फ खाली ठेवा. हात झटका. समोर बघा.

आता एक काम आहे. घरात किंवा शेजारी साताऱ्याचं, सांगलीचं, बीडचं, धाराशिवचं कुणी वयस्कर माणूस असेल. या शहरात अशी माणसं मजल्यामजल्यावर आहेत. साठीच्या पुढचं असलं तर त्याला बहात्तरचा दुष्काळ आठवत असेल. सुकडी आठवेल. मिलोची लाल भाकरी आठवेल. आई खडी फोडायला जायची ते आठवेल.

त्याच्याजवळ जाऊन बसा. त्या वर्षी धूळ कशी होती, एवढंच विचारा.

सुरुवातीला तो म्हणेल, काय सांगायचं त्यात. थांबा. चहा आला तर घ्या. तो पुन्हा बोलायला लागेल. साल चुकलं तर दुरुस्त करू नका. एकच गोष्ट दोनदा सांगितली तर दोनदा ऐका. मधे बोलू नका.